पोचण्यापुरतं शहर

मोशीच्या चौकात झेंडूचे टेम्पो लागायला लागले की माझी चिडचिड सुरू होते. चाकणहून परतताना कंपनीची बस त्या गर्दीत अडकते. मागच्या सीटवरच्या पोरी उद्याचा रंग पिवळा की हिरवा यावरून भांडत असतात, ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून फुलांचा भाव विचारतो, आणि मी काचेला डोकं टेकवून बसते. बाहेर केशरी ढीग, ओली पोती आणि फुलांचा तो उग्र, किंचित कडवट वास. त्या वासानं सगळ्यांना सण आठवतो. मला एक परदेशातलं रेल्वे स्टेशन आठवतं, जिथे झेंडूची पाकळीसुद्धा नव्हती. आता ह्याचा त्याच्याशी काय संबंध, सांगा.

संबंध आहे. काही वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी जर्मनीला शिकायला गेले होते. 'गेले होते' एवढंच म्हणता येतं, 'शिकले' म्हणता येत नाही. एक शरद ऋतू, तोही पुरता नाही, एवढंच माझं परदेशातलं शिक्षण. बाकीचे लोक तिकडे जातात, पदवी घेतात, नोकरी करतात, कंटाळतात आणि मग वाटलं तर परत येतात. माझ्या वाट्याला नुसतं पोचणं आलं. त्या शहरात मी पोचतच होते, आणि पुरती पोचायच्या आत परत फिरले.

शहराचं नाव केमनिट्झ. आम्ही तेव्हा भोसरीत राहायचो, वर्कशॉपांच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. तिथे ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना. आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढे सांगितलं, आणि जायच्या आधी किराणा दुकानदार मला म्हणाला, "काय ताई, केमिस्टचं शिकायला चाललात म्हणे? आल्यावर मेडिकल टाकणार काय?" मी म्हटलं, हो, टाकणार, तुम्हाला खोकल्याचं औषध फुकट. घरी येऊन सांगितलं तर माझे वडील, नाना, कॉटवर उठून बसले. "अवघड काय हाय त्यात? केम... केमनीस!" आणि विजयी मुद्रेनं आईकडं बघितलं. पुढे आमच्या घरात ते शहर केमनीसच राहिलं.

नाना मूळचे चाकणजवळच्या गावचे. तरुणपणी भोसरीला आले आणि एका वर्कशॉपात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर लागले, ते तिथेच राहिले. त्यांची सुट्टी गुरुवारची. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं: वीज वाटून वापरायची म्हणून आमच्याकडच्या वर्कशॉपांचा रविवार गुरुवारी येतो. माझी शाळा रविवारी बंद आणि नाना गुरुवारी घरी, त्यामुळे बापलेकीला एकत्र असा मोकळा दिवस लहानपणी मिळालाच नाही. मिळायचा तो खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, धुऊनपुसून त्याची पूजा करायची, आणि घरच्यांना आत यायची मुभा. नाना पांढरा शर्ट घालून आम्हाला घेऊन जायचे. सगळं वर्कशॉप लख्ख असायचं. रोजचा खडखडाट बंद, त्यामुळे आपण मोठ्यानं बोलतोय की काय असं वाटून सगळेच हळू बोलायचे. शेवंतीचा हार मशीनला घातलेला, यंत्र गार ठेवणाऱ्या कूलंटचा तो थंड, तेलकट वास आणि वर उदबत्तीचा. नाना माझं बोट धरून कुंकवात बुडवायचे. "हितं लाव. चाकावर न्हाई गं, हितं, वरच्या अंगाला." आई त्या लेथला सवत म्हणायची. हार बघून म्हणायची, "बघा, सवतीला केवढा हार! मला कधी गजरा आनला न्हाई." नाना लाजायचे. खरंच लाजायचे, कानापर्यंत.

मला इंजिनियर व्हायचं ते तिथे ठरलं. आकुर्डीच्या कॉलेजातून पदवी घेतली, तिथल्याच एका क्लासात मोडकंतोडकं जर्मन शिकले, आणि नवरात्रात विमानात बसले. नाना विमानतळावर एवढंच म्हणाले, "मशीन कसली हाय तिकडं ते कळव." दुसरे बाप म्हणतात जेवत जा, जपून राहा. आमच्या नानांचं हे असं.

पोचले तो रविवार होता. लाइपझिगहून सुटलेली छोटी गाडी धुरकट शेतांमधून, विटांच्या जुन्या धुराड्यांजवळून गेली आणि केमनिट्झला थांबली. तिथे ट्राम थेट स्टेशनाच्या आत येते. मी दोन बॅगा धरून बघतच राहिले, म्हटलं पीएमटीची बस आमच्या घरात शिरली तर कसं वाटेल, तसं काहीतरी. बाहेर आले. रस्त्यावर माणूस नाही. दुकानं बंद, हॉर्न नाही, आवाज नाही, नुसता वारा आणि वाळलेली पानं. पहिला विचार काय आला? संप झालाय. भोसरीच्या पोरीला दुसरं काय सुचणार! इतकी शांतता मी फक्त कंपनीच्या गेटवर लाल बावटे लागलेले असताना बघितली होती. मग एका आजीबाईंना विचारलं, आज काय झालंय? त्या म्हणाल्या, आज रविवार आहे. मी म्हटलं, हो, पण बंद का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बिचारीला बरं नाहीये.

रविवारी सगळं जग बंद असतं हे कुणी मला सांगितलंच नव्हतं. हाडात गुरुवार मुरलेला. त्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत आईनं दिलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, खिडकीपाशी उभं राहून, कोट न काढता. बाहेर झाडं पिवळीधमक झालेली. पान गळताना आवाज होतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रडू आलं, पण त्यात दुःख थोडं आणि अचंबा जास्त होता. मी आलेय, मी खरंच आलेय, असं मोठ्यानं मराठीत म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून आणखी एकदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली आणि मी आनंदानं वेडीच व्हायची राहिले. दुकानांच्या दारात ओळीनं कुंड्या मांडलेल्या, आणि त्यात शेवंती! पिवळी, पांढरी, जांभळट, गच्च फुललेली शेवंती. मला वाटलं, अगं बाई, इथेपण दसरा करतात की काय. पिवळ्या फुलांची कुंडी उचलली आणि ट्राममध्ये मांडीवर घेऊन बसले. लोक माझ्याकडे जरा आदरानं, जरा हळहळून बघत होते. एका बाईंनी उठून मला जागा दिली. मला वाटलं, काय चांगली माणसं आहेत!

खंडेनवमीच्या दिवशी आमचा प्रयोगशाळेतला पहिला दिवस होता. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. तोच वास. कूलंटचा, थंड, तेलकट. नाना कामावरून आले की दारातून आधी आत यायचा तो वास. सातासमुद्रापलीकडे बाप आधीच येऊन बसलेला! प्रयोगशाळा सांभाळणारे लिंडनर म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, निळा डगला, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. मी मनातल्या मनात त्यांना लिंडनरकाका करून टाकलं. त्यांनी यंत्रं दाखवली, काय करायचं नाही ते करायच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ सांगितलं, आणि मधल्या सुट्टीत सगळे कॉफीला गेले. मी मागे राहिले. पर्समध्ये आईनं दिलेली हळदकुंकवाची डबी होती आणि कुंडीतली दोन फुलं. कोपऱ्यातल्या जुन्या लेथला हळदकुंकू लावलं, वरच्या अंगाला, चाकाला नाही. फुलं ठेवली. नमस्कार केला. डोळे उघडले तर लिंडनरकाका समोर.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते अगदी हळू, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "कोण गेलं?"

मला प्रश्नच कळेना. कोण कुठे गेलं? सगळे कॉफीला गेले, म्हटलं. त्यांनी मान हलवली, फुलांकडे बोट केलं. मग समजावून सांगितलं: ही फुलं आमच्याकडे थडग्यांवर ठेवतात. आता मेलेल्यांचे दिवस येतायत ना, म्हणून दुकानांतून आलीत. या यंत्रावर तुझ्या घरचं कोणी गेलं का? मी कपाळावर हात मारला. ट्राममधल्या त्या बाई आठवल्या. हसावं की रडावं! सगळं जर्मन पणाला लावून मी सांगितलं की नाही, नाही, कोणी गेलं नाही, माझे वडील असंच मशीन चालवतात, आज आमच्याकडे यंत्राचा सण आहे, आज त्याला विश्रांती. त्यांनी चष्मा लावला, कुंकवाचा ठिपका जवळून बघितला. पुसायला लावतील असं मला वाटलं. ते भिंतीपाशी गेले, त्या लेथचा मोठा स्विच बंद केला, आणि कॉफी घेऊन परतलेल्या पोरांना म्हणाले, "ह्याला आज सुट्टी आहे."

मी घरी फोन केला. नाना ऐकत गेले आणि मग जे हसायला लागले! "शेवंती थडग्यावर? आरं तिच्या मारी! आगं वैशूची आई, ह्यो फोन धर, न्हाईतर मी हसून मरायचो." मग फोन परत घेऊन म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं स्विच बंद केला? लई ब्येस मानूस हाय. त्याच्यापाशी शिक." त्यांचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. तसं हसणं नंतर कधी आलंच नाही, चेहऱ्याची एक बाजू साथ देत नाही आता.

पुढचे दिवस मी जगले, असं म्हणते. ओल्या पानांचा वास, ओठांना भेगा पाडणारा वारा, चार वाजता मावळणारा ऊन नावाचा देखावा. बेकरीतल्या बाई मला नावानं ओळखायला लागल्या. 'वैशाली'तला 'वै' त्यांना जमायचा नाही, त्या 'फैशाली' म्हणायच्या. लिंडनरकाका मला कोपऱ्यातल्या लेथवर काम करू द्यायचे आणि माझं चुकलं की बोलायचे नाहीत, नुसते खोकायचे. खोकण्याचे प्रकार मला ओळखू यायला लागले होते. चौकात नाताळच्या बाजाराच्या लाकडी टपऱ्या उभ्या राहत होत्या. रोज ट्राममधून मी बघायचे, आज छप्पर चढलं, आज दिवे टांगले. दिवे लागलेले मात्र बघितले नाहीत.

कारण एका दुपारी ट्राममध्येच आईचा फोन आला. नानांना झटका आला होता, उजवं अंग गेलं होतं. आई रडत नव्हती, तिचा आवाजच सपाट झाला होता. "बोलता येत न्हाई नीट. पन तुजंच नाव घेत्यात. वैशू, वैशू, यवढंच." ये, असं ती म्हणाली नाही. येऊ नको, असंही नाही. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि तिकीट काढायला गेले. खोलीला कुलूप लावताना शेजारच्या मुलीला म्हटलं, कुंडीला पाणी घाल, मी जानेवारीत येतेच.

परत गेलेच नाही. आधी वाटलं एक सत्र सुट्टी घेऊ. मग पिंपरीचा दवाखाना, मग व्यायाम, रबराचा चेंडू नानांच्या मुठीत द्यायचा आणि "दाबा, नाना, दाबा" म्हणत बसायचं. चेंडू पडायचा, मी उचलायचे. मग दुसरं सत्र. मग आई थकली. मग चाकणला नोकरी लागली, चऱ्होलीत ही सदनिका घेतली, लिफ्ट आहे म्हणून. कुठल्या दिवशी ठरलं की आता परत जायचं नाही? कुठल्याच नाही. दिवसामागून दिवस नुसते बसत गेले, धूळ बसते तसे.

लोक भारी कौतुक करतात. "पोरगी असावी तर अशी. बापासाठी जर्मनी सोडून आली." मामा तर लग्नाकार्यात उभं करून सांगतात. मला त्या वेळी तिथून पळून जावंसं वाटतं. अभिमान वाटायला हवा म्हणे. नाही वाटत. वाईट वाटतं, साफ वाईट वाटतं, आणि ते बोलायची सोय नाही, कारण बोललं तर जणू बापाचं ओझं झालं असा अर्थ निघतो. ओझं नव्हतं हो. नानांना उभं करताना मला कधी एका क्षणासाठीही तसं वाटलं नाही. तरीपण ते शहर गेलं याचं वाईट वाटतं, दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असतं हे लोकांना पटवता येत नाही. कंपनीतल्या पोरी विचारतात, "मॅडम, बर्फ कसा असतो?" मी म्हणते, "थंड." मी बर्फ बघितलेलाच नाही. पडायच्या आत निघाले.

आणि एक गोष्ट आत कुठेतरी खुपत राहिली. परत आल्यापासून नानांनी केमनीसचं नाव काढलं नाही. जीभ हळूहळू सुधारली, जड का होईना, बोलायला लागले. राजकारणावर बोलतात, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बोलतात, खाली पार्किंगमध्ये गाडी वाकडी लावणाऱ्याला वरून शिव्या घालतात. पण कधी विचारलं नाही की तुझं तिकडचं काय झालं, तो म्हातारा कसा होता. आई म्हणायची, "झटक्यात इसरले आसतील." मलाही तसंच वाटायचं. कधी कधी राग यायचा. म्हटलं, ज्याच्यासाठी सोडलं त्याला आठवतसुद्धा नाही. मग स्वतःचाच राग यायचा आणि मी भांडी जरा जोरात आपटायचे.

परवा तिसऱ्या मजल्यावरची ऋतुजा आली, आईला घेऊन. ऋतुजा जर्मनीतल्याच दुसऱ्या गावाला शिकायला चाललीय, ह्याच नवरात्रात. पेढे आणले होते. पोरीचे डोळे चमकत होते आणि तिच्या आईचे उगाचच भरून येत होते. "ताई, तुम्ही जाऊन आलाय ना, काहीतरी सांगा हिला." मी सांगितलं: रविवारी पोचू नकोस, पोचलीस तर खायला बरोबर ठेव. शेवंतीची कुंडी घेऊन ट्राममध्ये बसू नकोस. ऋतुजा खळखळून हसली. मीही हसले, आणि हसताना लक्षात आलं की मला सांगण्यासारखं एवढंच आहे. त्यापुढचं मला माहीतच नाही. परीक्षा कशी असते, दुसरं वर्ष कसं असतं, तिथे आपलं कुणी होतं तेव्हा कसं वाटतं, काही नाही.

ऋतुजा नानांच्या पाया पडायला गेली. नाना बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसलेले असतात, दुपारचं ऊन अंगावर घेत. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि काढलाच नाही. मला वाटलं हात अडकला की काय, मी उठले. तर ते बोलायला लागले, एकेक शब्द ओढत.

"पोरी, तिकडं गेल्यावर... हिकडनं कुनीबी बोलावलं तरी यायचं न्हाई. आई आजारी हाय म्हनलं, न्हाई. बाप पडला म्हनलं, न्हाई. समदं शिकून मंगच यायचं. काय?"

ऋतुजाची आई दचकली. असं अभद्र कशाला बोलायचं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझी आई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"आमची वैशू केमनीसला व्हती," नाना म्हणाले. "तितं येक म्हातारा व्हता. यंत्राला सुट्टी दिली त्यानं. लई ब्येस मानूस. मी हाक मारली न् ही आली. ध्यान नव्हतं मला तवा, पर हाक मीच मारली. मारायला नको व्हती."

इतकी वर्षं त्यांच्याजवळ ते सगळं होतं. तो म्हाताराही होता, तो स्विचही होता. काही विसरले नव्हते. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले, त्यांचा उजवा हात, तो निर्जीव, मऊ पडलेला, हातात घेतला.

"नाना, काहीतरीच काय! तुम्ही हाक मारली नसती तरी मी आले असते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याची एकच बाजू हलली.

"त्येचंच तर वाईट वाटतं गं."